भरपाई मागणे हा अपराध आहे काय?

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना हल्ली विमेदाराला एक जादा प्रश्न विचारला जातो : 'नो क्लेम बोनस' सुरक्षित करावयाचा काय? थोडे अधिक पैसे भरा, म्हणजे वर्षभरात भरपाई मागावी लागली तरी आपली सवलत शाबूत राहील, असे आश्वासन त्यासोबत असते. बहुतेक लोक 'होय' किंवा 'नको' एवढेच सांगून मोकळे होतात. विम्याचा हप्ता एकदा भरल्यानंतर भरपाई मागण्याचा हक्क निर्धास्तपणे वापरता यावा म्हणून पुन्हा निराळे पैसे का मोजावे लागतात, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे, आणि समाजवाद्यांनी तर विचारलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

मोटारवाल्यांच्या सवलतींची चिंता आपण कशाला वाहावी, असे काही साथी म्हणतील. हा आक्षेप मला मान्य नाही. एक तर मोटार ही आता केवळ कारखानदाराच्या दारातील वस्तू उरलेली नाही. कर्ज काढून घेतलेली छोटी गाडी शिक्षकाच्या, परिचारिकेच्या आणि भाड्याच्या गाडीवर पोट भरणाऱ्या माणसाच्याही दारात उभी आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण तत्त्वाचे आहे. विमा म्हणजे मुळात अनेकांनी थोडे थोडे देऊन एकाच्या आपत्तीचा भार वाटून घेण्याची योजना. परस्पर साहाय्याचे हे तत्त्व आपल्या विचाराच्या अगदी जवळचे आहे. त्या तत्त्वाचा बाजार कसा मांडला जातो हे पाहावयाचे असेल, तर या 'बोनस संरक्षणा'इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

प्रथम बोनसची रचना समजून घेऊ. मोटारीच्या सर्वसमावेशक विम्याचे दोन मुख्य भाग असतात. एक, आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची वा हानीची जबाबदारी, म्हणजे थर्ड पार्टी विमा. हा कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, हा ऐच्छिक. नो क्लेम बोनस मिळतो तो फक्त या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, सलग दोन वर्षे नाही तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सवलत मिळते. जुन्या दरपत्रकातून आलेली ही शिडी आजही प्रचलित आहे. तिचे वैशिष्ट्य असे की चढताना पाच पायऱ्या आणि उतरताना एकच. एक दावा केला की विमेदार थेट तळाशी येतो. विमापत्राची मुदत संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तरीही साठलेला बोनस बुडतो. आजारपणामुळे किंवा पैशांच्या ओढाताणीमुळे ज्याचा हप्ता राहून गेला, त्याच्या पाच वर्षांच्या सावधपणाची किंमत अशा रीतीने शून्य ठरते.

हा बोनस म्हणजे सावधपणे गाडी चालविणाऱ्याला मिळणारे बक्षीस, असे सांगितले जाते. ही या व्यवस्थेतील पहिली असत्य गोष्ट होय. बोनस जातो तो दावा केल्यामुळे. चूक केल्यामुळे नव्हे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण महापुराच्या पाण्यात बुडाले. घरापुढे उभ्या असलेल्या गाड्यांत चिखल भरला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात हेच झाले होते. पुराने झालेली हानी विम्यात अंतर्भूत असते. परंतु ती मागितली की बोनस गेला. ज्याची गाडी हातब्रेक लावून जागच्या जागी उभी होती, त्याने बेदरकार वाहन चालविले असे कोणते शास्त्र म्हणेल? सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून कोणी ठोकले, तरी तेच. ठोकणाऱ्याकडून वसुली करावयाची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. बंपर आणि डिकीच्या खर्चासाठी एवढा खटाटोप कोण करणार? मनुष्य निमूटपणे स्वतःच्याच कंपनीकडे जातो, आणि दुसऱ्याच्या चुकीचा दंड आपल्या बोनसमधून भरतो.

दुसरी गोष्ट याहूनही गंभीर आहे, आणि तिच्याकडे आपल्या चळवळीचेही लक्ष गेलेले नाही. बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीशी बांधलेला असल्यामुळे थर्ड पार्टी दाव्याचा त्याला धक्का लागत नाही. याचा सरळ अर्थ काय होतो? फाटकाला घासून दरवाजावर ओरखडा उमटला आणि त्याची भरपाई मागितली, तर बोनस शून्यावर येतो. परंतु रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मजुराला उडविले, त्याच्या कुटुंबाला विमा कंपनीने लाखो रुपये दिले, आणि मालकाने स्वतःच्या गाडीचा पोचा खिशातून काढून घेतला, तर त्याचा 'नो क्लेम' बोनस अभंग राहतो! कागदावर तो निर्दोष आणि सावध वाहनमालकच असतो. बरे, थर्ड पार्टी विम्याचा हप्ता तरी त्यामुळे वाढतो काय? तोही नाही. तो सरकार ठरविते आणि इंजिनाच्या क्षमतेवरून ठरविते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये, आणि त्यापुढील गाडीला ७,८९७ रुपये असा हप्ता होता. चालविणारा कसा आहे, याचा त्यात विचार नाही.

२०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार आणि पादचारी होते. पत्र्याच्या कवचात बसलेल्यांपेक्षा त्याच्या बाहेर असलेलेच अधिक मेले. ज्या देशाचे चित्र असे आहे, तेथे सावधपणाची मोजणी मालकाच्या पत्र्याला किती पोचे आले यावरून व्हावी आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाची त्या हिशेबात नोंदही नसावी, हा हिशेबाचा दोष नाही. कोणाच्या मालमत्तेभोवती हा हिशेब मांडला गेला आहे, त्याचे ते चिन्ह आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संरक्षण घेणे परवडते काय? हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. केवळ 'कंपन्या लुटतात' असे म्हणून तो उडवून लावणे अभ्यासू कार्यकर्त्याला शोभणार नाही. समजा, स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांच्या पायरीवर, म्हणजे ५,००० रुपये भरीत आहे. त्याने एक दावा केला, तर पुढील वर्षी त्याला पूर्ण १०,००० भरावे लागतील. त्यानंतर अनुक्रमे ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५००. सहाव्या वर्षी तो पुन्हा ५,००० वर येईल. दावा न करता भरला असता त्यापेक्षा अधिक भरलेल्या रकमा अशा : ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. बेरीज १२,५०० रुपये. हाच माणूस २० टक्क्यांच्या पायरीवर असता, तर तोटा ८,००० रुपयांचा झाला असता. आणि ज्याला अजून बोनस मिळालेलाच नाही, त्याचा ५,००० रुपयांचा. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता उतरतो, शिवाय हा तोटा पाच वर्षांत पसरलेला असतो. म्हणून प्रत्यक्षात तो या आकड्यांपेक्षा कमीच भरेल.

संरक्षणाची किंमत वर्षाला ६०० रुपये धरली, तर वरच्या पायरीवरील मालकाला ते परवडण्यासाठी साधारणपणे एकवीस वर्षांतून एकदा तरी मोठा दावा करण्याची वेळ यावयास हवी. किंमत १,००० रुपये असेल, तर साडेबारा वर्षांतून एकदा. अगदी खालच्या पायरीवरील माणसाला ६०० रुपयांतसुद्धा आठ वर्षांतून एकदा दावा करावा लागेल. यावरून नियम निघतो तो असा : बोनस ४५-५० टक्क्यांवर असेल, गाडी नवी व महाग असेल, ती शहराच्या गर्दीत चालत असेल वा रात्री रस्त्यावर उभी राहत असेल, आणि संरक्षणाची किंमत मूळ हप्त्याच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल, तर ते घेण्यात गैर काही नाही. बोनस खालच्या पायरीवर असेल, गाडी जुनी असेल किंवा क्वचितच बाहेर निघत असेल, तर ते पैसे वाया गेले असे समजावे. वर्षात किती दाव्यांपर्यंत संरक्षण आहे, आणि उद्या कंपनी बदलल्यास ते मानले जाईल काय, याचे उत्तर घेताना लेखी मागावे.

परंतु या साऱ्या गणितात एक गृहीतक दडलेले आहे, आणि तेच सर्वांत पोकळ आहे. संरक्षण मिळते ते सवलतीच्या टक्केवारीला. हप्त्याच्या रुपयांना नव्हे. दाव्यानंतर कंपनीने मूळ हप्ताच १०,००० वरून १३,००० वर नेला, तर विमेदाराचे ५० टक्के शाबूत राहतील आणि तरीही तो ५,००० ऐवजी ६,५०० भरील. 'आपला बोनस सुरक्षित आहे' हे वाक्य तेव्हाही खरेच असेल! ब्रिटन हा काही समाजवादी देश नव्हे. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने खाजगी मोटार विम्याची चौकशी करून २०१५ मध्ये आदेश काढला, आणि बोनसचे संरक्षण म्हणजे एकूण हप्त्याचे संरक्षण नव्हे हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत कळविणे, तसेच संरक्षणाची किंमत व दाव्याचा बोनसवर होणारा परिणाम दाखविणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. बाजाराची पूजा करणाऱ्या देशाला जे सांगणे भाग पडले, ते आमच्या विमेदाराला पहिल्या पानावर ठळक अक्षरांत का मिळू नये?

येथे थोडा इतिहास आठवला पाहिजे. १३ मे १९७१ रोजी सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. १९७२ च्या कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे एकत्रीकरण होऊन चार सार्वजनिक कंपन्या कामाला लागल्या. दर एकच होते. त्या काळात सारे आलबेल होते असे कोणी प्रामाणिक मनुष्य म्हणणार नाही. कचेऱ्यांतील दिरंगाई आणि सर्वेक्षकांची मनमानी आपण सर्वांनीच पाहिली आहे. तथापि त्या दोषांवर औषध म्हणून जे आणले गेले ते काय होते? १९९४ चा मल्होत्रा समितीचा अहवाल, १९९९ चा विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा, मग परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के; आणि त्याच २०२१ साली सार्वजनिक विमा कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के वाटा असण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. स्पर्धेने ग्राहकाला स्वस्ताई मिळेल असे सांगितले गेले, आणि हप्ते काही ठिकाणी उतरलेही. परंतु दर मोकळे झाल्यानंतर विम्याचे तुकडे करून ते वेगवेगळे विकण्याचा धंदाही मोकळा झाला. इंजिनासाठी वेगळे, घसाऱ्यासाठी वेगळे, किल्ली हरवल्यास वेगळे, आणि शेवटी भरपाई मागण्याच्या भीतीपासून मुक्ती हवी असल्यास तीही वेगळी! आधी दाव्याला दंड लावावयाचा, आणि मग त्या दंडापासून सुटका विकावयाची, हा व्यापार जुन्या काळच्या जकातनाक्यावरील चिरीमिरीपेक्षा तत्त्वतः फार निराळा नाही. फरक एवढाच की याची पावती मिळते.

बोनसच्या या भीतीचा लाभ कंपनीला संरक्षण न विकताही होतोच. नुकसान सात-आठ हजारांचे असेल, तर त्यातून सक्तीची वजावट जाते, प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा जातो, आणि हाती येणाऱ्या रकमेपेक्षा बुडणारा बोनस मोठा ठरतो. म्हणून विमेदार दावाच करीत नाही. ज्या नुकसानीसाठी त्याने हप्ता भरला, ते तो स्वतः सोसतो. आणि पुष्कळदा तो स्वतःही सोसत नाही. आपल्याहून दुबळ्यावर ढकलतो. मालकाचा बोनस जाऊ नये म्हणून पगारी चालकाच्या वेतनातून पोच्याचे पैसे कापून घेतले जातात, हे कोणत्या चालकाला ठाऊक नाही? बोनस राहतो मालकाच्या नावावर, आणि त्याची किंमत मोजतो दुसऱ्याची गाडी चालविणारा कामगार. त्याला ना दाव्याचा हक्क, ना सवलतीत वाटा. वाहनचालकांच्या संघटनांनी हा प्रश्न अद्याप धसास लावलेला नाही. तो लावण्यासारखा आहे.

विरोधी पक्षाचे दोन युक्तिवाद विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, बोनस नसेल तर लोक क्षुल्लक दाव्यांचा पाऊस पाडतील आणि सर्वांचेच हप्ते वाढतील. यात तथ्य आहे. परंतु क्षुल्लक दावे रोखण्यासाठी सक्तीची वजावट आहेच. शिवाय सावधपणासाठी बोनस आवश्यक असे ज्यांचे म्हणणे, त्यांनीच पैसे घेऊन तो धाक काढून टाकावा, हे कोणत्या तर्कात बसते? धाक हितकर असेल तर तो विकत उठविता येता कामा नये. हितकर नसेल तर तो मुळातच ठेवू नये. पैसेवाल्यासाठी सुटका आणि इतरांसाठी शिस्त, अशी ही विभागणी आहे. दुसरा युक्तिवाद असा की, संरक्षण ऐच्छिक आहे, सक्ती कोणाचीच नाही. ऐच्छिकतेचा हा दाखला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभतो. निवड खरी होण्यासाठी किंमत आणि परिणाम दोन्ही समोर हवेत. मूळ हप्ता उद्या कसा वाढेल हे ज्याला सांगितलेच जात नाही, त्याची निवड म्हणजे अंधारात उचललेली चिठ्ठी.

तेव्हा आपली मागणी 'संरक्षण स्वस्त करा' एवढी संकुचित असता कामा नये. पूर, भूकंप, चोरी किंवा दुसऱ्याची सिद्ध झालेली चूक यांमुळे केलेल्या दाव्याने बोनस जाऊ नये. तसा नियमच विमा नियामक प्राधिकरणाने करावा. असे झाले तर संरक्षण विकत घेण्याची बहुतेकांना गरजच उरणार नाही. ज्याची स्वतःची चूक आहे त्याला शिडीवरून एक-दोन पायऱ्या खाली आणावे, थेट तळाशी लोटू नये. संरक्षण विकताना त्याची किंमत, दाव्यामुळे होणारा तोटा आणि हप्ता वाढविण्याचा कंपनीचा अधिकार, हे रुपयांत व मराठीत लिहून द्यावे. चालकाच्या वेतनातून विमा-योग्य नुकसानीची कपात करण्यास मनाई असावी. आणि दुसऱ्याच्या जिवाला झालेल्या इजेची नोंद सावधपणाच्या हिशेबात प्रथम यावी. वाहतुकीचे नियम मोडण्याशी हप्ता जोडण्याची सूचना प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ मध्येच केली होती. तिची अंमलबजावणी रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या छळाचे नवे साधन होणार नाही, ही दक्षता घेऊन तिचा विचार व्हावयास हवा.

या सर्वांच्या वर आणखी एक मागणी आहे. देशातील निम्म्याहून अधिक वाहने आजही विम्याविना रस्त्यावर धावतात, आणि त्यांत दुचाक्यांची संख्या मोठी आहे. अशा वाहनाखाली सापडलेल्याच्या कुटुंबाला भरपाईसाठी बहुधा मालकाच्याच मागे धावावे लागते. ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये अशी भरपाई ठरली. त्यापूर्वी ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. कमावता माणूस गेलेल्या घराला दोन लाख किती दिवस पुरतात, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. ज्या व्यवस्थेने मोटारमालकाच्या सवलतीला संरक्षण देण्याचे शास्त्र इतके सूक्ष्मपणे विकसित केले, तिला या माणसाच्या संरक्षणाचे गणित सुचत नाही, असे मानण्याचे कारण नाही. त्यात नफा नाही, एवढेच.

म्हणून कोणी साथीने विचारले, 'बोनसचे संरक्षण घेऊ काय?' तर वर दिलेला हिशेब त्याच्यापुढे मांडावा आणि त्याला परवडत असेल तर खुशाल घेऊ द्यावे. ज्याने हप्ता भरला आहे, त्याचा भरपाई मागणे हा हक्कच आहे. तो हक्क पुन्हा विकत घेण्याची पाळी त्याच्यावर का यावी, हा प्रश्नही त्याच बैठकीत त्याला विचारावा. पुढील नूतनीकरणाच्या वेळी तोच प्रश्न त्याने कंपनीला लेखी विचारला, तर चळवळीचे एक छोटेसे काम झाले असे समजावे.